कावळ्याला कबूल केलेलं कॉलेज

कलकत्त्याहून परतल्यापासून साताऱ्यात जो भेटतो तो हावड्याच्या पुलाबद्दल विचारतो. पूल मी सत्तर सालात दोनदा ओलांडला. पहिल्यांदा भावाच्या मृत्यूची तार खिशात होती, दुसऱ्यांदा टॅक्सीच्या काचा पावसाने पांढऱ्या झाल्या होत्या. त्यामुळे पुलाबद्दल मला काही सांगता येत नाही. मी कलकत्त्यात पाहिली ती कॉलेजं. पुतणीला कॉलेज निवडून द्यायला म्हणून हायस्कुलातला एक शिक्षक इतक्या लांब जातो, हे ऐकून लोक हसतात. पण ते कॉलेज आम्ही एका कावळ्याला कबूल केलेलं होतं.

घाट

माझा धाकटा भाऊ मधू केंद्र सरकारच्या हिशेब खात्यात होता. बदली होऊन कलकत्त्याला गेला आणि तिथलाच झाला. पौषातल्या एका सकाळी तो डबा घेऊन ऑफिसला निघाला आणि ट्राममध्येच गेला. ओळख पटायला वेळ लागला. घरी बायको सुमन आणि मुलगी पानं मांडून बसल्या होत्या, तेव्हा अनोळखी माणसांनी त्याला जिन्यावरून वर आणलं.

दहाव्याला आम्ही गंगेच्या घाटावर होतो. मधूला मुलगा नाही, म्हणून क्रिया मी केली. त्याची मुलगी चित्रा हट्टाने आली होती आणि माझ्यामागे एका पायरीवर उभी होती. कलकत्त्यात कावळ्यांना तोटा नाही. इतके आणि इतके धीट कावळे मी कुठे पाहिले नाहीत. माणसाच्या हातातली पुरी ते उचलून नेतात. पण त्या दिवशी पिंड मांडला आणि सगळे कठड्यावर ओळीने बसून राहिले. एकही खाली उतरेना.

आपल्याकडे हे कोणाला समजावून सांगायला नको. गेलेल्याचं मन कशात तरी अडकलेलं असतं, आणि ते मागच्यांनी ओळखून कबूल करायचं असतं. मी म्हणालो, "मधू, सुमनला अंतर देणार नाही." कावळे हलले नाहीत. "चित्राचं लग्न रीतसर करू." एकाने मान वाकडी करून पाहिलं, इतकंच. भटजी हळू आवाजात म्हणाले, "ऊन चढलं. दर्भाचा कावळा करून लावू या का?" तेव्हा मला आठवलं. मधूची ऑफिसची ट्राम शहरातल्या थोरल्या कॉलेजाच्या फाटकासमोरून जायची आणि तो दर पत्रात लिहायचा, "दादा, आपली पोर इथे." मी हात जोडून म्हणालो, "मधू, चित्राला त्या कॉलेजात घालीन."

शब्द तोंडातून पुरते निघाले नव्हते आणि एक कावळा कठड्यावरून सरळ खाली आला.

बागबाजार

आषाढात मी पुन्हा गेलो. चित्राचा निकाल लागला होता. तिच्या मिशनरी शाळेत ती पहिली होती, आणि फिजिक्स व गणित या दोन्ही विषयांत तिच्या जवळपास कोणी नव्हतं.

मधूचं बिऱ्हाड बागबाजारात, एका जुन्या घराच्या दुसऱ्या मजल्यावर. आपल्या स्वारांच्या भीतीने इथल्या लोकांनी कधीकाळी जो खंदक खणला, तो या बाजूलाच सुरू होत असे. आता तो बुजला आहे आणि त्यावरून ट्राम जाते. पण आठवण बुजलेली नाही. मी पाय धूत होतो तेव्हा खालच्या घरमालकांची म्हातारी आई दारातून डोकावली आणि छातीवर हात ठेवून किंचाळली, "ओ मा! बोर्गी!" बोर्गी म्हणजे आपले मराठा बारगीर; इथे पोरांना अजून त्यांची भीती घालतात.

चित्रा म्हणाली, "ठाकूमा, हे माझे काका. मास्तर आहेत."

"मास्तर तर मास्तर. पोरं झाकून ठेवते," म्हातारी बंगालीत म्हणाली आणि दात नसलेलं हसली. थोड्या वेळाने तिने वर माझ्यासाठी मिष्टी दोईचं मडकं पाठवलं. त्या दह्याची चव अजून जिभेवर आहे. आपल्याकडे दह्यात साखर घालतात. ते दूधच आटवून, गोड करून विरजतात, आणि मडकं उलटं केलं तरी दही पडत नाही. मोहरीच्या तेलाशी मात्र माझं शेवटपर्यंत जमलं नाही.

घरात मधूची खुर्ची होती तिथेच होती. तिच्यावर कोणी बसत नव्हतं आणि ती कोणी हलवतही नव्हतं. दिवेलागणीला म्हातारीने खालून "चित्रा!" अशी हाक मारली. चित्रा वाचत होती, ती हलली नाही. दुसरी हाक आली. तिसरी आली तेव्हा ती "आश्ची!" म्हणत उठली. मला हसू आलं. हा आमच्या गावाकडचा नियम. दिवे लागल्यावर बाहेरून हाक आली तर तिसरी ऐकल्याशिवाय ओ द्यायची नाही. माणूस तीनदा हाक मारतो, दुसरं जे काही असतं त्याला तीनदा मारता येत नाही. मधूने ते इतक्या लांब आणून मुलीला शिकवलं होतं.

जेवताना मी विषय काढला. थोरल्या कॉलेजाबद्दल साताऱ्यातही वाचलं होतं. पोरांनी पुस्तकं मिटली होती, परीक्षा उधळल्या जात होत्या, बॉम्ब फुटत होते, आणि क्रांतीच्या चळवळीत गेलेली मुलं घरी परत येत नव्हती. मी म्हणालो, "सुमन, मी हिला पुण्याला नेतो. तूही चल."

मधूची पत्नी पोळीवर तूप घालत होती. मधूच्याच ऑफिसात तिला नोकरी लागली होती, आणि ती सोडण्यासारखी परिस्थिती नव्हती.

"दादा, मला इथून हलता येत नाही. आणि ही पुण्याला गेली तर मी या खोल्यांत कोणाबरोबर बोलू? भिंतींबरोबर?"

"मग इथलंच दुसरं एखादं—"

"दुसरं कसं? तुम्ही शब्द दिलाय. त्याशिवाय शिवला नव्हता तो." तिचा हात थांबला. "मला ते कॉलेज नको. फाटकापाशी ट्राम आली की मी तोंड फिरवते. पण तिथे नाही घातली आणि हे असेच कुठेतरी अडकून राहिले तर?"

चित्राने माझ्या पानात भाताचा आणखी एक डाव वाढला.

मदरची शिकवण

दुसऱ्या दिवशी तिच्या शाळेच्या मुख्य मदरकडे गेलो. लांब कॉरिडॉर, मेणाचा वास, भिंतीवर गेलेल्या मदर्सच्या तसबिरी. चित्रा त्यांच्याखालून आवाज न करता चालत होती, बहुधा सगळ्याच मुलींना तसं शिकवलेलं असावं.

मदर आयरिश होत्या आणि त्यांना कावळ्याचं सांगायचा मला धीर झाला नाही. मी फक्त म्हणालो की वडिलांची इच्छा होती. त्यांनी चित्राकडे पाहिलं.

"हुशार मुलींना मी तीन कॉलेजं मनात धरायला सांगते," त्या म्हणाल्या. "एक जिथे पोहोचावंसं वाटतं. एक जिथे नक्की घेतील. आणि एक जिथून संध्याकाळी घरी येता येईल. पूर्वी ही तिन्ही एकच असू शकत होती. या वर्षी तसं नाही. मिस्टर जोशी, तुम्ही स्वतः जाऊन पाहा. प्रॉस्पेक्टसमध्ये फाटक छापलेलं असतं, फाटकाच्या आतलं नसतं."

मला ते पटलं. आपल्याकडे वर पाहायला चार माणसं जातात आणि कॉलेज मात्र नावावरून ठरतं.

त्याच दुपारी आम्ही उत्तरेकडचं मुलींचं कॉलेज पाहिलं. बागबाजारहून चालत जाता येतं. मध्ये हिरव्या पाण्याचं तळं, भोवती वर्ग. फिजिक्सच्या बाई चित्राशी अर्धा तास बोलल्या, आम्हाला मोहरीचं तेल लावलेली मुडी, म्हणजे आपले मुरमुरे, खायला घातली आणि निघताना मला बाजूला घेऊन म्हणाल्या, "प्रयोगशाळा लहान आहे. हिच्या तोडीचं इथे कोणी नसेल, तिला एकटीलाच धावावं लागेल. मी खोटं सांगणार नाही."

"आणि कॉलेज चालू असतं?"

"आतापर्यंत तरी," बाई म्हणाल्या आणि दृष्ट लागू नये म्हणून लाकडी टेबलाला बोट लावलं.

थोरलं कॉलेज

त्याचं नाव मी मुद्दामच लिहीत नाही. ज्यांना ओळखायचं ते ओळखतील, आणि ते आज जसं असेल तसं मी पाहिलेलं नाही.

फाटक अर्धं उघडं होतं. आत जाऊ द्यावं की नाही हे दरवान कोणाला तरी विचारायला गेला, तोवर मी भिंतीला टेकून उभा राहिलो. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना पुस्तकांची दुकानं होती, पण त्यांच्या फळ्या लावलेल्या होत्या. आतल्या आवारात प्रचंड झाडं आणि त्यांच्याखाली कोणीही नाही. एका चौथऱ्यावर कोणा थोर पुरुषाचा पुतळा होता. त्याला खांद्यापर्यंत गोणपाट गुंडाळून सुतळीने बांधलं होतं, आणि खांद्यांच्या वर काही नव्हतं. गोणपाटावर कावळा बसला होता. तो असणारच, त्या शहरात कावळा नाही अशी जागा नाही. तरी मी चित्राचा हात धरला. ती लहान असल्यापासून मी तिचा हात धरला नव्हता.

कचेरीतले कारकून म्हणाले, "फिजिक्सचे सर वर आहेत. वर्ग चालू आहे. मागे जाऊन बसा, संपल्यावर बोलतील."

वर्ग मोठा, चढत्या बाकांचा. खिडक्यांच्या निम्म्या काचांच्या जागी पुठ्ठे होते. पहिल्या बाकावर तीन मुलं बसली होती. बस, तेवढीच. आम्ही सगळ्यात मागे बसलो.

सर हजेरी घेत होते. कलकत्त्यात हजेरी नंबराने घेतात, असं चित्राने मला आधी सांगितलं होतं. हे सर नावाने घेत होते, सावकाश, प्रत्येक नावानंतर मान वर करून. आणि प्रत्येक नावाला ओ मिळत होती. मला आधी कळलंच नाही. रिकामे बाक आणि "प्रेझेंट, सर." पुन्हा रिकामे बाक आणि "प्रेझेंट, सर." मग लक्षात आलं की ती तीनच मुलं आवाज बदलून आळीपाळीने उत्तर देत होती. आमच्या शाळेतही पोरं चोरून मित्राची हजेरी लावतात. पण तिथे लावणारा हसू दाबत असतो. या तिघांची तोंडं देवळात आरती म्हणणाऱ्यांसारखी होती. सर खुणा करत होते.

"दीपांकर," सर म्हणाले.

ओ आली नाही. तिघांनी एकमेकांकडे पाहिलं. दीपांकरसाठी ओ देणारा जो कोणी होता, तोच त्या दिवशी आलेला नसावा.

"दीपांकर." सरांनी मान वर केली. त्यांची पेन्सिल वहीवर टेकलेली होती. पुठ्ठ्याच्या फटीतून वारा आला आणि कुठलंसं दार आपटलं. माझ्या मनात आलं, आता मागे वळून पाहायचं नाही. मागे तर भिंतच होती.

"दीपांकर."

"प्रेझेंट, सर," माझ्या शेजारून चित्रा म्हणाली.

मुलीचा आवाज, स्पष्ट. पहिल्या बाकावरच्या कोणीही वळून पाहिलं नाही. सरांनी खूण केली आणि पुढचं नाव घेतलं.

वर्ग संपल्यावर सर आमच्यापाशी आले. त्यांनी चित्राचे गुण पाहिले, तिला प्रकाशाबद्दल काहीतरी विचारलं, तिने उत्तर दिलं, आणि त्यांचा चेहरा क्षणभर तरुण झाला. "आम्ही आनंदाने घेऊ," ते मला म्हणाले. "जागा पुष्कळ आहेत."

हे वाक्य त्यांनाही ऐकू आलं असावं. त्यांनी हजेरीची वही मिटली. मी विचारलं, "ती हजेरी... आपल्याला ठाऊक असेलच."

"सलग गैरहजर राहिला तर नाव काढावं लागतं. नाव काढलं की कॉलेजाकडून घरी पत्र जातं." त्यांनी चष्मा पुसला. "मग आईला कळतं, की तो इथेही नाही."

परतीची ट्राम

ट्राममध्ये एक विचित्र गोष्ट झाली. माझ्या मागे बसलेला माणूस उठून दुसरीकडे गेला. मग शेजारचाही गेला. उभे असलेले लोक आमच्यापासून थोडे लांब सरकले. मी टोपी चाचपली. एवढं काय झालं होतं?

चित्रा वाकून माझ्या पाठीकडे पाहायला लागली आणि तिने तोंडावर हात दाबला. "काका, कोट!"

फाटकाजवळच्या भिंतीवर कोणीतरी नुकतीच डांबराने घोषणा लिहिली होती. तिच्यातली अर्धी माझ्या पांढऱ्या कोटाच्या पाठीवर उलटी उमटली होती.

"काय लिहिलंय?"

"नका विचारू. तुम्ही कोणाला तरी खलास करणार आहात." आणि ती हसायला लागली. डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसली. मधू गेल्यानंतर तिला मी हसताना पाहिलं नव्हतं, आणि हसता हसता ते हसणं कुठे बदललं तेही मला कळलं. मी तिला बागबाजारच्या घाटाजवळ उतरवलं. डांबरी कोट काढून त्याची घडी केली आणि आम्ही पायरीवर बसलो.

"तू ओ का दिलीस?" मी विचारलं. "मेलेल्या मुलाच्या नावाला?"

"मेलाय असं कोण म्हणालं?" ती म्हणाली. "आणि मी दोन हाका थांबले होते. तीनदा हाक मारतो तो माणूसच असतो, बाबा म्हणायचे. सर माणूस आहेत."

नदीला भरती होती. पाणी उलटं, डोंगराकडे निघालं होतं. आपल्या कृष्णेला असं काही करता येत नाही.

"काका, तुम्हाला एक विचारू? दहाव्याला तुम्ही जे म्हणालात ना, त्या वेळी मीही बोलत होते."

"काय बोलत होतीस?"

"मनात नाही, तोंडाने. तुमच्या मागेच उभी होते." ती मराठी बोलताना शब्द शोधत बोलते, त्या दिवशी शोधत नव्हती. "मी म्हटलं, बाबा, मी रोज दिवेलागणीला घरी येईन. आईला कधीही वाट बघायला लावणार नाही. तुमचं आणि माझं बोलणं एकदमच संपलं. मग तो आला."

मी पाण्याकडे पाहत राहिलो. पाठीवर अजून डांबराचा ओलेपणा लागत होता, कोट काढला होता तरी.

"हे आईला सांगितलंस?"

"सांगून काय करू? तुम्ही मोठे. तुमचा शब्द आधी."

संध्याकाळी सुमनला मीच सांगितलं, चित्रासमोर, मधूच्या खुर्चीसमोर. हजेरीचंही सांगितलं, आणि त्या पत्राचं. ती बराच वेळ भाजी निवडत राहिली. निवडून झालेली भाजीच पुन्हा निवडत होती.

"त्या बाईंचं काय," ती शेवटी म्हणाली, "त्या दीपांकरच्या आईचं. ती रोज पान मांडत असेल."

तिने निवडलेली भाजी टोपलीत टाकली.

"दादा, कावळ्याने कोणाचं ऐकलं ते मला सांगता येत नाही. दोघांचं ऐकलं असेल. पण दोन्ही शब्द एकदम पाळता यायचे नाहीत. हिचा तरी पाळता येईल." मग चित्राला म्हणाली, "तळ्याच्या कॉलेजात जा. एकटीने धावायचं असेल तर एकटीने धाव. पण दिवे लागायच्या आत."

मी दिलेला शब्द मोडला गेला. साताऱ्यात काही जणांनी मला त्याबद्दल विचारलं आहे, म्हणून लिहितो.

दिवेलागण

प्रवेश झाला. कॉलेज सुरू होईपर्यंत मी राहिलो. पहिल्या दिवशी चित्रा पांढरी साडी नेसून गेली. म्हातारीने खालून "दुर्गा, दुर्गा" म्हणून तिला वाटेला लावलं. कोणी बाहेर पडताना तिथे तसं म्हणतात, आपण "जाऊन ये" म्हणतो तसं.

दुपारी दूर कुठेतरी दोन दणके झाले. ऑफिस लवकर सुटून सुमन घरी आली, तेव्हा रस्त्यावर ट्राम नव्हती. दुकानं बंद झाली. मग गल्लीतले दिवे लागायची वेळ झाली आणि दिवे लागले नाहीत. सगळ्या वस्तीची वीज गेली होती. सुमनने कंदील लावला आणि देवापुढे ठेवायच्या ऐवजी जिन्याच्या तोंडाशी ठेवला. आम्ही दोघं दाराच्या आत उभे होतो.

खालून हाक आली. "आई."

चित्राचाच आवाज. सुमन पुढे झाली आणि मी तिचं मनगट धरलं. नियम तिलाही ठाऊक होता. आम्ही दुसऱ्या हाकेची वाट पाहिली.

दुसरी हाक आली नाही. जिन्यावर पावलं वाजली नाहीत. मी कंदील घेऊन चार पायऱ्या उतरलो. खालच्या दाराला आतून कडी होती. म्हातारी तिच्या खोलीत माळ ओढत होती. तिने काही ऐकलं नव्हतं.

त्यानंतरचा वेळ कसा गेला ते मी लिहिणार नाही. सुमन एकदाच बोलली. "मी ओ द्यायला हवी होती. दादा, ती असती आणि माझी ओ न ऐकता परत गेली असती तर?" मधूची खुर्ची कंदिलाच्या उजेडात भिंतीवर मोठी दिसत होती.

मग खालची कडी वाजली. म्हातारीचं बोलणं, दार करकरल्याचा आवाज, आणि "आई!"

दोन हाका थांबायचा धीर सुमनला उरला नव्हता. "ओ! ओ, बाळा!" म्हणत ती अंधारातच जिना उतरून गेली.

चित्रा वर आली तेव्हा तिच्या साडीचे काठ चिखलाने काळे झाले होते. ती धापा टाकत हसत होती. "ट्राम बंद, रिक्षा नाही. गल्ल्यागल्ल्यांतून चालत आले. उशीर झाला ना? आई, तू पहिल्याच हाकेला ओ दिलीस!"

"असू दे," सुमन म्हणाली.

मी विचारलं, "मघाशी एकदा येऊन हाक मारली होतीस का?"

"मी? नाही. आत्ताच आले."

सुमनने माझ्याकडे पाहिलं नाही. तिने दार लावलं, कडी घातली, जिन्यातला कंदील उचलून देवापुढे ठेवला, आणि चित्राचं पान वाढायला घेतलं.